"मागचा नाला साफ करायचा आहे, कोणाला भेटू?"

पावसाळ्यातला पहिला मोठा पाऊस झाला की मला दोन-तीन फोन हमखास येतात. "आमच्या ले-आउटच्या मागचा नाला तुंबून राहिला, अंगणात पाणी येते, कोणाला भेटू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सध्या कोणालाच भेटू नका. पाऊस उघडला की बूट घाला आणि नाल्यावर जा.

मी इंजिनिअर नाही, कुठल्या संस्थेचा अध्यक्षही नाही. नोकरी सांभाळून गेली काही वर्षं दक्षिण नागपुरातल्या आमच्या वस्तीमागच्या एका नाल्याच्या मागे लागलेला माणूस आहे. या कामात मनपा आली, कॉलेजची पोरं आली, एक कारखानदार आला, गोठेवाला आणि पानठेलेवालाही आला. या सगळ्यांना एका कामाला बांधून कसं ठेवायचं ते मी चुका करत शिकलो. पहिल्यांदाच यात पडणाऱ्यांनी निदान त्याच चुका पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या घरांत शिरली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, पुढे झाशी राणी चौक, मोरभवनचं बसस्थानक, सगळीकडे पाणी. माणसं गेली. नंतर प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, आणि एक तलाव व एक नदी यांच्याशी मनपा, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), जलसंपदा, महसूल अशी किती खाती जोडलेली आहेत ते वर्तमानपत्रांतून घरोघरी कळलं. ती मोठी कामं मोठ्यांनी करायची. आपल्या पुलियाचं, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाचं, तोंड जूनच्या आधी मोकळं आहे की नाही, हे मात्र कोणत्याच याचिकेत येत नाही. ते काम वस्तीच्या पातळीवर होतं, आणि एकट्या मनपाकडून किंवा एकट्या वस्तीकडून होत नाही.

आधी ४०० मीटर

"नाग नदी वाचवा" असा फलक घेऊन निघालात तर फोटो येईल, काम होणार नाही. नाग नदीच्या प्रदूषणमुक्तीचा प्रकल्पच १९०० कोटींच्या पुढचा आहे. तो तुमच्या-माझ्या रविवारच्या सकाळीत बसत नाही. आम्ही आमचा प्रश्न एवढा छोटा केला: चौकातल्या पुलियापासून मंदिरामागच्या वळणापर्यंतचा नाला, अंदाजे ४०० मीटर. यापलीकडचं काही आलं की सरळ सांगायचं, आत्ता नाही.

हा टप्पा तीन वेळा चाला: एकदा सकाळी सातला, एकदा भर दुपारी, एकदा जोरदार पाऊस थांबल्यावर तासाभरात. तिन्ही वेळा नाला वेगळा दिसतो. सकाळी गोठ्यातलं शेण धुऊन येताना दिसलं. दुपारी एका चेंबरमधून काळं पाणी उकळल्यासारखं वर येत होतं, म्हणजे सिवर लाइन कुठेतरी चोक होती आणि मैलापाणी पावसाच्या नाल्यात उतरत होतं. पावसानंतर पुलियाच्या जाळीला जे अडकलं होतं ते मी काठीने ओढून बाहेर काढलं. वरवर पालापाचोळा, आणि त्याखाली एकाला एक चिकटलेल्या खर्र्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या. ओंजळभर नव्हे, घमेलंभर. तंबाखू-सुपारी पन्नीत घोटायची, तोंडात टाकायची आणि पन्नी जिथे उभे असाल तिथे सोडायची, ही आपल्या शहराची सवय त्या जाळीवर थर लावून बसली होती.

हे सगळं एका कागदावर हाताने काढा. नकाशा वाकडातिकडा चालेल. शेण इथे, चेंबर इथे, जाळी इथे, कचरा टाकायची जागा इथे. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा आणि फोटो कुठे उभं राहून काढला तेही लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तिथेच उभं राहून दुसरा काढायचा आहे. "नाला घाण आहे" असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो. कागद पुढे केला की बोट ठेवून विचारतो, "हे चेंबर कुठलं?" तिथून पुढचं बोलणं सुरू होतं.

नाला कोणाचा

हा प्रश्न सोपा वाटतो. मला उत्तर मिळायला दोन महिने लागले. झोन ऑफिसात सांगितलं, "हे आमच्याकडं नाही येत भाऊ, तिकडं विचारा." तिकडे गेलो तर ते म्हणाले इकडे विचारा. नागपुरात मनपाचे दहा झोन आहेत, शिवाय नागपूर सुधार प्रन्यास, त्यात गुंठेवारीतले (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले) ले-आउट. कुठे रेल्वेची जमीन मध्ये येते, कुठे संरक्षण खात्याची, कुठे सार्वजनिक बांधकामचा पूल. एकाच नाल्याचे दोन काठ दोन खात्यांचे असू शकतात.

तोंडी उत्तरांवर विसंबू नका. नगर भूमापन कार्यालयातून त्या भागाची आखीव पत्रिका किंवा नकाशा मिळतो का पाहा. नाही जमलं तर माहितीचा अधिकार आहेच: २००५चा कायदा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून "नाल्याची दुर्दशा" यावर निबंध लिहू नका. एवढंच विचारा: अमुक पुलियापासून तमुक जागेपर्यंतच्या नाल्याच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या विभागाकडे आहे आणि मागच्या तीन वर्षांत त्यावर कोणतं काम झालं. या अर्जात तक्रारीचा सूर नको. पुढे याच लोकांबरोबर काम करायचं आहे.

कोणाकडे काय पडून आहे

या अख्ख्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. माणसाकडे किंवा संस्थेकडे जे आधीपासून आहे तेवढंच तिच्याकडे मागा, आणि तिला ज्याची गरज आहे ते आपल्याकडून जाईल असं बघा. कारखानदाराकडे वेळ मागू नका, कॉलेजकडे पैसे मागू नका, मनपाकडे उत्साह मागू नका.

आपल्याच शहरात याचा मोठा नमुना आहे. भांडेवाडीला मनपाकडे शहराचं सांडपाणी होतं, ते कुठे घालायचं हा त्यांचा प्रश्न. कोराडीच्या वीज केंद्राला पाणी हवं होतं, आणि पेंच धरणाच्या पाण्यावर आधीच शहर आणि शेती यांची ओढाताण. मग रोज १३० दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करून महानिर्मितीला (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीला) द्यायची व्यवस्था झाली. पुढे खासगी कंपनीच्या भागीदारीत २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प उभा राहिला. मनपाला घाणीचे पैसे मिळाले, वीज केंद्राला पाणी मिळालं, पेंचचं गोडं पाणी वाचलं. कोणी कोणावर उपकार केले नाहीत, म्हणून ते टिकलं.

अगदी छोटा नमुना पौर्णिमा दिवसाचा. ग्रीन व्हिजिल या पर्यावरण संस्थेचे स्वयंसेवक आणि मनपा मिळून पौर्णिमेच्या रात्री बाजारात उभे राहतात आणि दुकानदारांना रात्री आठ ते नऊ गरजेपुरते सोडून बाकीचे दिवे बंद करायची विनंती करतात. दुकानदाराकडे बटण असतं, तेवढंच त्याच्याकडून मागितलेलं आहे. वर्गणी नाही, भाषण नाही.

आता वस्तीवर या. झोन ऑफिसकडे पोकलेन (गाळ उपसायचं यंत्र), टिप्पर, सफाई कामगार आणि सहीचा अधिकार आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी नाग, पिवळी आणि पोहरा या तिन्ही नद्यांतला गाळ काढायची मोहीम निघते, म्हणजे यंत्रं शहरात फिरतच असतात. आपलं मागणं त्याच वेळापत्रकात दोन दिवस बसवून घेण्याचं असावं. झोनला आपल्याकडून काय हवं असतं? तक्रारी कमी व्हाव्यात, आणि काम चालू असताना वस्तीने भांडायला येऊ नये. ही हमी आपण देऊ शकतो. नेमके भेटायचे ते दोघे: कनिष्ठ अभियंता आणि स्वच्छता निरीक्षक. सहायक आयुक्तांना पत्र द्यायचं, काम या दोघांशी बोलून ठरवायचं.

कॉलेजांकडे मुलं आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तासांचं काम दाखवावं लागतं, कार्यक्रम अधिकाऱ्याला ते कुठेतरी द्यावं लागतं. आमच्याकडे पोरं आली ती मोजणीला: कोणत्या घरांचं पाणी नाल्यात सोडलंय, कचरागाडी किती वाजता येते, ओला-सुका वेगळा कोण देतं. फावडं हातात देऊन फोटो काढण्यापेक्षा हे शंभरपट उपयोगी. परीक्षेच्या महिन्यात मात्र कोणी येत नाही, आधी विद्यापीठाचं वेळापत्रक बघा.

पाणी तपासायचं तर आपलं शहर नशीबवान आहे. १९५८पासून नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था इथे आहे, व्हीएनआयटीसारखी अभियांत्रिकी कॉलेजं आहेत. पण म्हणून थेट नीरीच्या गेटवर बाटली घेऊन उभे राहू नका. एखाद्या कॉलेजात पर्यावरण अभियांत्रिकीच्या सरांना किंवा मॅडमना विचारा, यंदा कोणा विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी विषय हवा आहे का. हवा असतोच. माझी पहिली फजिती इथलीच. मे महिन्यात दुपारी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरला, स्कूटरच्या डिक्कीत टाकला आणि दोन तासांनी प्रयोगशाळेत पोचलो. मॅडमनी बाटलीला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "काका, हा तर चहा झाला." नमुना स्वच्छ बाटलीत, बर्फाच्या डब्यात, लवकरात लवकर न्यायचा. बीओडीच्या (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याच्या) चाचणीला आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस लागतात, उत्तर त्याच दिवशी मागू नका. अंघोळीच्या पाण्यासाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. नाल्याचा आकडा त्याच्या कितीतरी पट येईल. त्याने दचकू नका आणि व्हॉट्सॲपवर टाकू नका. तुम्हाला हवी आहे ती तुलना: गोठ्याच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी, चेंबरच्या वरचं आणि खालचं. कुठे हात घालायचा ते त्यातून कळतं.

गणेश मंडळाकडे पोरं असतात, टेम्पो असतो, माइक असतो आणि वस्तीतल्या प्रत्येक घराचा रस्ता माहीत असतो. बचत गटाच्या ताईंकडे घराघरातला शब्द असतो. "काकू, पन्नीत बांधून नाल्यात नका टाकू" हे मी सांगितलं तर दार लागतं, ताईंनी सांगितलं तर चहा मिळतो.

नाल्याकाठी झोपड्या असतील तर त्या लोकांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. पूर आला की पहिलं पाणी त्यांच्या घरात शिरतं, आणि नाल्याची सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच असते. अतिक्रमण हटवणं हा तुमच्या कामाचा भाग नाही. तो विषय बैठकीत कोणी काढला तर तिथेच थांबवा, नाहीतर अर्धी वस्ती उठून जाते आणि परत येत नाही.

पहिली बैठक

झोन ऑफिसात नको, कोणाच्या बंगल्यातही नको. मंदिराचा सभामंडप किंवा समाजभवन चांगलं. बारा माणसांच्या वर बोलावू नका. तर्री-पोहे ठेवा, खाता खाता माणूस खरं बोलतो.

राग काढायला आपल्याकडे मारबत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडगे, म्हणजे पुतळे, काढून शहर आपल्या सगळ्या तक्रारी मिरवून घेतं आणि शेवटी जाळून मोकळं होतं. ते त्या दिवशी शोभतं. या बैठकीत कोणाचाही बडगा करायचा नाही, गोठेवाल्याचा तर नाहीच.

आम्ही नेमके तेच करायला निघालो होतो. गोठेवाल्याची तक्रार लिहून तयार होती. तो आला, कोपऱ्यात बसला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेण रोज निघतेच. कुठं नेऊ, तुम्हीच सांगा ना." कोणाकडे उत्तर नव्हतं. मग एका रोपवाटिकेवाल्याचं नाव निघालं, त्याला खत विकत घ्यावं लागत होतं. ठरलं ते असं: शेण धुवायचं नाही, फावड्याने गोळा करून ड्रममध्ये भरायचं, रोपवाटिकेची गाडी एक दिवसाआड येईल. ड्रम हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखानदाराने दिले, त्याच्याकडे रिकामे पडले होते. आमचा तक्रारअर्ज अजून माझ्या फाईलला आहे, आवक शिक्क्याशिवाय.

पानठेल्याचं प्रकरण इतकं गोड झालं नाही. प्लास्टिकच्या पन्न्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, तेव्हा दंडाचा धाक दाखवता आला असता. आम्ही ठेल्याला एक डबा बांधून दिला आणि भाऊला म्हटलं, लोकांना बोट दाखवा. अर्धे लोक टाकतात, अर्धे नाही. जाळीवरचा थर कमी झाला, गेला नाही.

बैठक संपली की त्याच रात्री एका पानाचं इतिवृत्त लिहा. कोण आलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठवा. लांबलचक लिहाल तर कोणी वाचणार नाही आणि पुढच्या बैठकीत "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू होईल.

कागद, आणि आमच्या गाळाची गोष्ट

झोनला पत्र दोन प्रतींत न्या. आवक विभागात एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून द्या, पाहू" म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. फोन, व्हॉट्सॲप, ओळख या सगळ्याला माणूस बदलला की किंमत उरत नाही. शिक्का उरतो.

पत्रासोबत ४०० मीटरचा नकाशा आणि फोटो जोडा. मागणी एकच ठेवा. आमचं पहिलं पत्र सात मागण्यांचं होतं, त्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्यात एकच होती: पुलियापाशी दोन दिवस पोकलेन. तो आला.

आणि तिथेच आम्ही तोंडघशी पडलो. सकाळी यंत्र लागलं, काळा गाळ वर निघू लागला, वास असा की डोळ्यांत पाणी. पोरांनी टाळ्या वाजवल्या, काकूंनी चालकाला चहा नेऊन दिला. गाळाचा ढीग काठावर लागला. तो उचलायचा कोणी, हे कोणीच लिहून घेतलं नव्हतं. यंत्र पाठवणाऱ्याला वाटलं टिप्पर दुसरीकडून येणार, दुसऱ्याला वाटलं वस्ती नेणार. दोन आठवडे ढीग उन्हात वाळला. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि अर्धा ढीग जिथून निघाला होता तिथे परत जाऊन बसला. एका काठावरच्या घरात तर त्या वर्षी आधीपेक्षा जास्त पाणी शिरलं. ते काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हापासून पत्रात आणि सामंजस्य करारात मी पाच गोष्टी लिहून घेतल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नाही. गाळ कोण उचलणार आणि कुठे टाकणार. डिझेल कोणाचं. काम कधी सुरू आणि कधी संपणार. कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची. काम पूर्ण झालं हे कोण बघून सांगणार. मोठा करार लागत नाही, एक पान पुरतं, पण त्यावर सगळ्यांच्या सह्या हव्यात.

गाळाबद्दल आणखी एक. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेमुळे लोकांना वाटतं गाळ म्हणजे शेतकऱ्याला सोनं. धरणाचा, गावतलावाचा गाळ तसा असतोही. शहरातल्या नाल्याचा गाळ वेगळा. त्यात मैला असतो, काचा, सुया, वर्कशॉपचं तेल, धातू. तपासल्याशिवाय कोणाच्या शेतात टाकू नका.

जबाबदारी लिहून ठेवायची ही काही साहेबांची रीत नाही. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांचं बघा. कोहळी समाजाने ते बांधले, पाळ (तलावाचा बांध) कोणी दुरुस्त करायची, पाणी कोणत्या वाफ्याला आधी, मासे कोणाचे, याच्या गावागावात ठरलेल्या रीती होत्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीचा वाली कोण हा प्रश्न लोंबकळत राहिला. कितीतरी तलाव गाळाने भरले ते त्यानंतर.

पैसा शेवटी

नवीन माणूस पहिल्या आठवड्यात विचारतो, "सीएसआर मिळेल का?" म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा. मिळेल, पण आधी काम दिसू द्या.

नियम थोडक्यात असा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. पर्यावरण आणि स्वच्छता त्यात बसतात, आणि कंपनी जिथे आहे त्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. नागपुरात वेकोलि (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं आहेत, बुटीबोरीत मोठे कारखाने आहेत. पण पैसा तुमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मिळत नाही. संस्था नोंदणीकृत हवी, तिची आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, आणि १ एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा. त्यासाठी नवीन संस्था काढायच्या फंदात पडू नका. हे सगळं असलेली जुनी, हिशेब चोख ठेवणारी संस्था शोधा आणि तिच्यामार्फत जा. तिचे मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागून बघा. लाजू नका, कंपनीही तेच मागणार आहे.

खरं सांगायचं तर ४०० मीटरला पैसे फारसे लागत नाहीत. आम्ही रोख कधी घेतली नाही. ड्रम, हातमोजे, जाळी वेल्डिंग करून देणं, दोन दिवसांचा टिप्पर असं वस्तूंमध्येच घेतलं. रोख नसली की "पैसे कुठे गेले" हा प्रश्नच येत नाही, आणि वस्तीत निम्म्या चळवळी याच प्रश्नावर बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. एक सावधगिरी: देणगीदाराचा फलक जाळीपेक्षा मोठा नको.

आत कोणी उतरायचं नाही

चेंबरमध्ये किंवा सिवर लाइनमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. "आमचा माणूस पाच मिनिटांत काढून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला तिथूनच परत पाठवा. आतल्या वायूने माणूस ओरडायच्या आधी कोसळतो, त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. नाला त्यापेक्षा तुंबलेला राहू द्या. सक्शन यंत्र मनपाकडे असतं, तेच मागा.

नाल्याकाठी काम करणाऱ्यांना गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन. शाळेची मुलं घोषणा देतील, चित्रं काढतील, पाण्यापाशी जाणार नाहीत.

नागपूरचं वेळापत्रक

पाहणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुराच्या खुणा ताज्या असताना. पत्रं नोव्हेंबरच्या आत द्या, कारण डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं आणि अख्खं प्रशासन सिव्हिल लाइन्सकडे, विधानभवनाकडे, तोंड करून उभं असतं. त्या दिवसांत तुमची फाईल हलली तर मला कळवा. जानेवारीत पुन्हा जा. मार्चमध्ये सगळे मार्चएण्डमध्ये. यंत्राचं काम एप्रिल-मेमध्ये, सकाळी सहा ते साडेआठ, त्यानंतर ४५ अंशांत ना माणूस टिकतो ना चालक. ३१ मेपर्यंत गाळ काठावरून उचलला गेला पाहिजे. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर हे सगळं पुढे ढकलायची तयारी ठेवा.

फोटो कोणाचा

काम झालं की नारळ फोडायला माणसं येतात. येऊ द्या. आम्ही एकदा एका पक्षाच्या माणसाला बोलावलं आणि दुसऱ्याला विसरलो, तर पुढचे तीन महिने कचरागाडीसुद्धा आमच्या गल्लीत यायचं टाळायची. आता दोघांनाही बोलावतो, भाषण कोणालाच देत नाही. पानठेलेवाल्याला आणि गोठेवाल्याला पुढच्या रांगेत बसवतो.

दर महिन्याला एकाने पुलियाची जाळी बघायची. आमच्याकडे ते काम एका निवृत्त काकाजींनी घेतलंय, दूध आणायला जाताना बघतात, फोटो ग्रुपवर टाकतात, खाली एक शब्द: "मोकळी" किंवा "भरली". "भरली" आलं की स्वच्छता निरीक्षकाला फोन जातो.

आणि बदल्या होतात. ज्या कनिष्ठ अभियंत्याशी तुमचं जुळलं तो वर्षभरात दुसऱ्या झोनमध्ये जाईल, त्याला बोल लावू नका. नवे साहेब आले की पहिल्याच आठवड्यात फाईल घेऊन भेटा, शिक्का मारलेली पोच, नकाशा, सह्यांचं पान दाखवा, आणि त्यांना पुलियावर घेऊन जा. सकाळी सातलाच न्या. उशीर केला की ऊन चढतं आणि साहेब गाडीतून खाली उतरत नाहीत.